गावचा फाळ गावातच सांधावा
माध्यमिक शाळेतील जोडकामाच्या शिक्षणाविषयी

मृगाचा पाऊस पडून जमिनीला वाफसा आला म्हणजे शेतकऱ्यास घटकाभराचीही उसंत नसते. मध्यम व भारी जमिनीत वाफसा फार तर चार-सहा दिवस टिकतो. त्यातच पुन्हा सर आली तर तोही हातचा जातो. नेमक्या याच दिवसांत कुळवाची पास जानवळ्यातून निसटते, पाभरीचा फण वाकतो, किंवा ट्रॅक्टरला जोडलेल्या पेरणीयंत्राच्या चौकटीस तडा जातो. मोडलेला सांधा हाताच्या वितीएवढा असतो व तो जोडण्यास अर्धा तासही लागत नाही. परंतु तो जोडणारा मनुष्य तालुक्याच्या गावी असतो. तेथे जावे तो त्याच्या दारात दहा जण आधीच बसलेले असतात. या येण्याजाण्यात दोन दिवस गेले म्हणजे पेरणीचा योग्य काळ चुकतो व त्याची भरपाई पुढे कोणत्याही खताने होत नाही.

पूर्वी ही गरज गावचा लोहार भागवीत असे. फाळ शेवटणे, विळ्या-कुऱ्हाडींना पाणी देणे, गाडीच्या चाकावर धाव चढविणे ही कामे तो बलुत्यावर करी. आज लाकडी औतांची जागा बहुतांशी लोखंडी औतांनी घेतली आहे व ऐरण-भात्याबरोबर विजेच्या जोडकामाची, म्हणजेच ज्याला आपण सर्रास वेल्डिंग म्हणतो त्याची, गरज निर्माण झाली आहे. हे काम गावातल्याच मुलामुलींनी शिकावे, आणि तेही शाळेत असतानाच शिकावे, हा विचार शेतकरी बंधुभगिनींपुढे व गावपातळीवरील कार्यकर्त्यांपुढे मांडण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पाबळचा प्रयोग

हाताच्या कामातून शिक्षण ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. १९३७ साली वर्धा येथे भरलेल्या परिषदेत महात्मा गांधींनी उद्योगाधिष्ठित शिक्षणाचा आग्रह धरला. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगानेही शाळेत कार्यानुभव असावा व माध्यमिक शिक्षणास व्यवसायाची जोड असावी अशी शिफारस केली. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक यांनी स्थापन केलेल्या भारतीय शिक्षण संस्थेच्या छत्राखाली १९८३ साली पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील पाबळ या अवर्षणप्रवण गावी विज्ञान आश्रमाची स्थापना झाली. डॉ. श्रीनाथ कलबाग हे तिचे संस्थापक. मुंबईतील एका मोठ्या कारखान्याच्या संशोधनशाळेतील शास्त्रज्ञाचे काम सोडून ते पत्नीसह या गावी येऊन राहिले व २००३ साली निधन होईपर्यंत त्यांनी तेथेच काम केले.

आश्रमाने माध्यमिक शाळांसाठी ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय तयार केला. आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांनी आठवड्यातील एक दिवस हाताने काम करीत शिकावे, अशी त्याची रचना होती. त्यात चार विभाग होते : अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, आणि गृह व आरोग्य. मुलगे व मुली या दोघांनीही चारही विभाग शिकावयाचे. अभियांत्रिकी विभागात सुतारकाम व बांधकाम यांच्या जोडीने पत्राकाम, लोखंडी चौकटी बनविणे व जोडकाम यांचा समावेश होता. राज्याच्या माध्यमिक शिक्षण मंडळाने या विषयास मान्यता दिली व तो अनेक ग्रामीण शाळांतून शिकविला गेला.

या पद्धतीचे मर्म असे की, विद्यार्थ्याने केलेली वस्तू कपाटात ठेवण्यासाठी नसून वापरण्यासाठी असते. गावातील लोकांची कामे शाळेने योग्य मोबदला घेऊन करावयाची व ती करता करता विद्यार्थ्यांनी शिकावयाचे. पाबळ येथे लोखंडी चौकटींचे त्रिकोण एकमेकांस जोडून घुमटाकार इमारतींचे सांगाडे उभे करण्यात आले. ज्या फाटकातून आपली म्हैस रोज जाणार आहे, त्याचा सांधा कच्चा ठेवून चालत नाही, हे मुलास कोणी सांगावे लागत नाही.

जोडकाम म्हणजे काय

दोन लोखंडी तुकड्यांच्या कडा वितळवून व त्यांत त्याच जातीचा धातू भरून त्यांचा एकजीव करणे, हे जोडकामाचे तत्त्व होय. विजेच्या जोडकामात यंत्राची एक तार चिमट्याने कामाच्या तुकड्यास व दुसरी तार रॉड धरणाऱ्या होल्डरला जोडलेली असते. रॉडचे टोक लोखंडास टेकवून किंचित उचलले म्हणजे मधल्या फटीत विजेची ज्योत पेटते. तिचे तापमान कित्येक हजार अंश सेल्सिअस असते. त्या उष्णतेने कडा व रॉड दोन्ही वितळतात. रॉडवरील लेपाचा धूर होऊन तो वितळलेल्या धातूचे हवेपासून रक्षण करतो, व लेपाचा उरलेला अंश सांध्यावर खपलीसारखा जमतो. ही खपली थंड झाल्यावर टोकदार हातोडीने काढून टाकावयाची असते. ती न काढता वर दुसरा थर दिला तर आतील मळ तसाच राहतो व सांधा तेथेच मोडतो.

यंत्र केवढे आहे यापेक्षा विजेचा प्रवाह किती ठेवला याला अधिक महत्त्व आहे. नेहमीच्या कामास २.५ मिलिमीटरच्या रॉडला सुमारे ६० ते ९० अँपिअर व ३.१५ मिलिमीटरच्या रॉडला सुमारे ९० ते १३० अँपिअर प्रवाह लागतो. प्रवाह कमी असेल तर रॉड चिकटतो व धातू नुसता वर बसतो. अधिक असेल तर पातळ पत्र्यास भोक पडते व कडेला चर पडतो. ज्योतीची लांबी रॉडच्या जाडीएवढीच राखावी. ज्योत लांबली की ठिणग्या उडतात आणि सांधा सच्छिद्र होतो.

शिकण्याचा क्रम

होल्डर हातात घेण्याची मुलांना घाई असते. तथापि चांगली कार्यशाळा त्यांना प्रथम मोजपट्टी, गुण्या, पंच, कानस व हॅक्सॉ यांवर काही आठवडे घालविण्यास लावते. तुकडा वाकडा कापला गेला तर उत्तम जोडणाराही त्यातून सरळ चौकट काढू शकत नाही.

त्यानंतर जाड पट्टीवर ज्योत पेटविणे व सरळ रेषा ओढणे. काडेपेटीची काडी ओढावी तसा रॉड ओढून ज्योत पेटवितात. पुढे दोन पट्ट्या कडेला कड लावून, मग एकीवर दुसरी उभी ठेवून सांधणे, असा क्रम असतो. सहा मिलिमीटरहून जाड पट्ट्या जोडताना कडा तासून त्यांत खाच करावी लागते, नाहीतर धातू तळापर्यंत पोहोचत नाही. उभ्या पट्टीचा सांधा एकाच बाजूने करून तो थंड झाल्यावर हातोड्याने मोडून पाहणे, ही शिकणाऱ्याची खरी परीक्षा होय. मोडलेल्या जागी एकसारखा धातू दिसला तर काम साधले. काळे डाग, भोके किंवा न वितळलेली कड दिसली तर पुन्हा करावयाचे. वरून रेखीव दिसणारा सांधा आतून पोकळ असू शकतो, हे अशा रीतीने विद्यार्थ्याच्या कायमचे ध्यानात राहते.

उष्णतेने लोखंड प्रसरण पावते व थंड होताना आकसते. त्यामुळे चौकट ओढली जाऊन वाकडी होते. यावर उपाय म्हणजे आधी चारही कोपऱ्यांत लहान टाके मारावेत, दोन्ही कर्ण मोजून ते सारखे आहेत याची खात्री करावी, व मगच समोरासमोरचे कोपरे आळीपाळीने पूर्ण सांधावेत.

फाटकातील गणित

समजा, गोठ्यासाठी १.२ मीटर रुंद व १.५ मीटर उंच फाटक करावयाचे आहे. बाहेरील चौकट ४० × ४० × ५ मिलिमीटरच्या अँगलची व आत १२ मिलिमीटर जाडीचे सात उभे गज. सात गजांमुळे आठ फटी पडतात व प्रत्येक फट सुमारे १५ सेंटिमीटरची होते.

चौकटीची लांबी १.२ व १.५ यांच्या बेरजेच्या दुप्पट, म्हणजे ५.४ मीटर. या अँगलचे वजन मीटरला सुमारे ३ किलो, म्हणून १६.२ किलो. गोल गजाचे मीटरचे वजन काढण्याची सोपी रीत अशी : मिलिमीटरमधील जाडीचा वर्ग करून त्यास १६२ ने भागावे. १२ चा वर्ग १४४. भागाकार सुमारे ०.८९ किलो. सात गजांची लांबी १०.५ मीटर, वजन सुमारे ९.३ किलो. एकूण साडेपंचवीस किलो व तूट धरून सुमारे २७ किलो. यास त्या दिवसाच्या दराने गुणावे व रॉड, वीज, रंग, बिजागऱ्या आणि मजुरी मिळवावी म्हणजे फाटकाची किंमत निघते. चौकटीचा कर्ण वर्गमूळाने १ मीटर ९२ सेंटिमीटर येतो. फीत लावून तो पडताळून पाहावा.

१२ ऐवजी १६ मिलिमीटरचा गज घेतला तर जाडी एक तृतीयांशानेच वाढते. पण वजन व खर्च मात्र पाऊणपटीहून अधिक वाढतो. वर्ग म्हणजे काय, हे फळ्यावर न उमगलेल्या मुलास ते वजनकाट्यावर उमगते. म्हणूनच कार्यशाळा अभ्यासात मागे पडणाऱ्यांसाठी असते, हा पालकांचा समज निराधार आहे.

लोखंडाची जात ओळखणे

शेतीच्या अवजारांत सर्व लोखंड एका जातीचे नसते. अँगल, पट्ट्या व गज हे बहुधा मऊ पोलादाचे असतात व ते सहज सांधले जातात. कुळवाची पास अनेकदा मोटारीच्या जुन्या पाट्यापासून केलेली असते. त्या पोलादात कार्बन अधिक, सुमारे अर्धा टक्का वा त्याहून जास्त असतो. ते तसेच थंड असताना जोडले व वर पाणी ओतले तर सांध्याशेजारील भाग काचेसारखा ठिसूळ होतो आणि पहिल्याच दगडावर तडकतो. असे पोलाद आधी सुमारे २०० ते ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे, कमी हायड्रोजनचे कोरडे रॉड वापरावेत, व सांधल्यावर ते कोरड्या राखेत पुरून सावकाश थंड होऊ द्यावे. बिडाच्या भागात कार्बन दोन टक्क्यांहून अधिक असल्याने ते काम तर शिकाऊ हातांनी करूच नये.

जात ओळखण्यास ग्राइंडरच्या ठिणग्या उपयोगी पडतात. मऊ पोलादाच्या ठिणग्या लांब, पिवळसर व क्वचित फुटणाऱ्या असतात. अधिक कार्बनच्या पोलादाच्या ठिणग्यांना झुडपासारखे अनेक फाटे फुटतात. बिडाच्या ठिणग्या आखूड व तांबूस असतात. धारेला पाणी कसे द्यावे व पोलाद किती तापवावे हे गावच्या लोहारास पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असते. शाळेने त्यास आठवड्यातून एकदा मानधन देऊन बोलवावे. त्याचे ज्ञान व यंत्राचे ज्ञान यांची गाठ पडल्यास दोहोंचाही लाभ होईल.

धोके व त्यांचे निवारण

या कामात निष्काळजीपणास क्षमा नाही. पुढील गोष्टी शिक्षक, पालक व शेतकरी या सर्वांनी ध्यानात ठेवाव्यात.

१. ज्योतीकडे उघड्या डोळ्यांनी क्षणभरही पाहू नये. १० किंवा ११ क्रमांकाची काळी काच असलेला मुखवटा वापरावा; साधा काळा चष्मा चालत नाही. ज्योत लागल्याचा त्रास लगेच कळत नाही. कित्येक तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते व पाणी वाहते. अशा वेळी घरगुती उपाय न करता डॉक्टरांकडे जावे. काम चालू असता भोवती पडदा लावावा, कारण बघ्यांच्या डोळ्यांसही तितकीच इजा होते.

२. कातडी हातमोजे, बंद बूट व सुती कपडे घालावेत. नायलॉन-टेरिलीनचे कपडे ठिणगीने वितळून अंगास चिकटतात.

३. ओल्या जमिनीवर उभे राहून काम करू नये. पायाखाली कोरडी फळी असावी व यंत्राचे अर्थिंग पक्के असावे. पावसाळ्यात हवेतील ओलाव्याने रॉडचा लेप सर्दावतो. यास्तव रॉड घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत.

४. डिझेल, पेट्रोल वा कीटकनाशक यांचे पिंप, रिकामे दिसले तरी, कधीही जोडण्यास घेऊ नये. आतील वाफेचा स्फोट होऊन माणसे मृत्युमुखी पडतात.

५. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा जोडताना निघणाऱ्या पांढऱ्या धुराने थंडीताप येतो. सांध्याजवळील मुलामा आधी घासून काढावा व काम मोकळ्या हवेत करावे.

६. ट्रॅक्टरला जोडलेल्या अवजाराचे काम करण्यापूर्वी ते शक्यतो सोडून घ्यावे. न जमल्यास बॅटरीच्या तारा काढून ठेवाव्यात.

७. ट्रॉलीचा हुक, ब्रेक व स्टिअरिंग यांचे भाग तसेच मळणीयंत्राचे फिरते भाग शाळेत जोडू नयेत. हा सांधा सुटला तर प्राणहानी होते. ते काम अनुभवी कारागिराकडेच न्यावे.

शिकविणे आणि राबविणे यांतील भेदही येथे सांगितला पाहिजे. शिक्षकाच्या देखरेखीखाली चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाने शिकणे योग्य आहे. परंतु थोडे येऊ लागताच त्यास शाळेतून काढून एखाद्या दुकानात दिवसभर बसविणे सर्वथा अयोग्य होय. २०१६ साली दुरुस्त झालेल्या कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलांस धोक्याच्या म्हणून ठरविलेल्या कामांवर ठेवता येत नाही.

पुढील वाट

शाळेतील हे शिक्षण पायाभूत आहे. त्याने कारागीर पूर्ण तयार होत नाही. ज्यास पुढे शिकावयाचे असेल त्यास औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील वेल्डर हा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे व आठवी उत्तीर्ण विद्यार्थ्यास त्यास प्रवेश घेता येतो. त्यानंतर १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी अधिनियमाखाली कारखान्यात विद्यावेतनासह उमेदवारी करता येते. ज्यास शेतीच करावयाची आहे त्याचेही शिक्षण वाया जात नाही. कुक्कुटपालनाची खुराडी, कांदाचाळीचा सांगाडा, ठिबकच्या टाकीचे स्टँड, गोठ्यातील गव्हाणीच्या चौकटी ही सर्व कामे तो स्वतः करू शकतो, किंवा निदान दुसऱ्याने केलेले काम पारखून घेऊ शकतो.

ज्या शेतकऱ्यांना हे शिक्षण मिळालेले नाही त्यांनीही काम ताब्यात घेताना तीन गोष्टी पाहाव्यात : खपली काढून सांधा स्वच्छ केला आहे काय, कडेला चर किंवा अंगात टाचणीच्या डोक्याएवढी भोके आहेत काय, आणि सांधा पूर्ण लांबीभर आहे की नुसतेच टाके मारून वर रंग दिला आहे. रंग देण्यापूर्वी काम पाहण्याचा आग्रह धरावा. रंगाखाली सर्व सांधे सारखेच दिसतात.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांस सूचना

ज्या गावाच्या परिसरातील शाळेत कार्यशाळा आहे तेथील कार्यकर्त्यांनी मुख्याध्यापकांशी पुढीलप्रमाणे योजना आखावी. फेब्रुवारी-मार्चमध्ये घरोघर जाऊन मोडलेल्या अवजारांची यादी करावी. शाळेने करण्याजोगी कामे कोणती व कारागिराकडे न्यावयाची कोणती, हे शिक्षक आणि लोहार यांच्या सल्ल्याने ठरवावे. उन्हाळ्याची सुट्टी लागण्यापूर्वी दोन-तीन दिवसांचे अवजार दुरुस्ती शिबिर भरवावे. प्रत्येक कामाची नोंदवहीत नोंद करावी : कोणाचे अवजार, काय मोडले होते, किती माल लागला, किती मोबदला घेतला, व कोणत्या विद्यार्थ्यांनी काम केले. मोबदल्याच्या रकमेतून रॉड, काचा व हातमोजे घ्यावेत. खरीप संपल्यावर नोंदवही घेऊन पुन्हा त्याच शेतकऱ्यांकडे जावे व सांधा टिकला की सुटला हे पाहावे. जो सुटला तो विद्यार्थ्यांसमोर ठेवून कारण शोधावे. या फेरतपासणीइतका उत्तम धडा कोणत्याही पुस्तकात नाही.

यादी करताना मुलींची नावे गाळू नयेत. हात स्थिर असणे, नजर नेमकी असणे व धीर असणे हे या कामाचे गुण आहेत, आणि ते मुलगा-मुलगी पाहून येत नाहीत. शिवाय आज अनेक घरांत शेतीचा भार स्त्रियाच वाहतात. कोळप्याची दाती तुटली असता तालुक्याची वाट त्यांनाच धरावी लागते.

ज्या शाळेत कार्यशाळा नाही तेथे शाळा व्यवस्थापन समितीने व ग्रामपंचायतीने हा विषय चर्चेस घ्यावा. प्रारंभास मोठी इमारत लागत नाही. हवेशीर छप्पर, कोरडी फरशी, पक्के अर्थिंग, एका माणसाला उचलता येणारे लहान यंत्र, चार मुखवटे, एक ऐरण, एक शेगडी आणि जाणता शिक्षक एवढ्यावर काम सुरू होते. यांपैकी शेवटची गोष्ट नसेल तर मात्र इतर सर्व असूनही सुरुवात करू नये.

मृग दरवर्षी येतो आणि अवजारे दरवर्षी मोडतात. पुढच्या खेपेस कुळवाची पास निसटेल तेव्हा ती खांद्यावर घेऊन तालुक्याची गाडी गाठावयाची, की गावच्या शाळेचे दार ठोठवावयाचे, याचा निर्णय आपण या वर्षी शाळेत काय सुरू करतो यावर अवलंबून आहे.